लाल बर्फ

तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे करवत. हे दुसरं नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ज्याने ठेवलं त्याने एक हंगाम तरी तिच्या हाताखाली काढलेला असणार, त्याशिवाय इतकं चपखल नाव सुचायचं नाही. करवत जाताना कापते आणि येतानाही कापते. ताईचं तसंच होतं. काम बिघडलं तर ती बोलायचीच, आणि नीट झालं तरी "आज कसं काय जमलं बुवा?" म्हणून बोलायची. तिच्याकडून कौतुकाचा शब्द ऐकलेला माणूस कुणी असेलच तर तो अजून पुढे आलेला नाही.

धंदा केटरिंगचा, बापाने उभा केलेला. लग्नं, साठीचे समारंभ, कंपन्यांच्या मेजवान्या, जे येईल ते. नवऱ्याचं घर सोडून ती परत आली तेव्हा बापाने काही विचारलं नाही. तिच्या हातात ट्रे दिला आणि म्हणाला, "रडायचं असेल तर हॉल रिकामा झाल्यावर." हॉल रिकामा झाला तेव्हा ती टेबलं पुसत होती, त्यामुळे रडायचं राहून गेलं. बाप गेल्यावर धंदा धाकट्या भावाच्या नावावर झाला. तिला कुणी विचारलं नाही. भाऊ मालक झाला, भावजय ऑफिसातल्या खुर्चीवर बसली, आणि ताईच्या वाट्याला आली हंगामी माणसं.

हंगामी म्हणजे काय, तर वर्षातले तीन-चार महिने कामं अशी अंगावर येतात की कायमचे वाढपी पुरत नाहीत. मग शहरभरातून माणसं गोळा करायची. टाळं लागलेल्या कारखान्याचे कामगार, सुट्टीतल्या शिक्षिका, नवरा अंथरुणाला खिळलेल्या बायका, दुकान बुडालेले दुकानदार. ज्यांनी घरी पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलून घेतला नसेल असल्यांना आठवडाभरात ट्रे धरायला शिकवायचं, हॉलमध्ये उभं करायचं, आणि हंगाम सरला की घरी पाठवायचं. गरज सरो, वैद्य मरो. हा सगळा उद्योग ती एकटी सांभाळायची, आणि दरवर्षी सांभाळताना शिव्या द्यायचीही आणि खायचीही.

तिची निवड करायची तऱ्हा अजब होती. गोदामाच्या मागच्या अंगणात ती सगळ्यांना उभं करायची. पाण्याने काठोकाठ भरलेले ग्लास ट्रेमध्ये मांडायचे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं, आणि ती सोबत चालत कानाशी बोलत राहायची. "हात आहेत का फळ्या? घरी कोण जेवू घालतं तुला? चालतोयस की वरातीत नाचतोयस?" पाणी सांडलं तरी ती घेऊन टाकायची, पण ज्याने उलटून उत्तर दिलं त्याला फाटक दाखवायची. तिचं म्हणणं असं की हॉलमधला पाहुणा याच्यापेक्षा वाईट बोलतो, आणि तो जेवत असतो म्हणून त्याला उलट बोलता येत नाही. म्हणणं खोटं नव्हतं. पण तिला त्यात गोडीही वाटायची, आणि ते कुणापासून लपत नव्हतं.

बाकीही तिचे कायदे होते. मैत्रिणी-मैत्रिणी एका टेबलावर ठेवायच्या नाहीत, कारण त्या गप्पा मारतात आणि पाहुणे उपाशी राहतात. जाकिटांचे खिसे शिवून टाकायचे. नखं रोज बघायची. नावं विचारायचीच नाहीत, कारण लक्षात ठेवायला वेळ कुणाला आहे. धंद्यावरून नाहीतर ठेवणीवरून हाक मारायची. त्या हंगामात तिच्याकडे एक फिटर होता, एक मास्तरीण होती, एक टकल्या होता आणि एक ‘नको बाई’ होती, जी कुठलंही काम सांगितलं की आधी "नको बाई" म्हणायची आणि मग करायची.

कायमचे वाढपी या हंगामींचा मनापासून दुस्वास करायचे. चाक मोडलेली ढकलगाडी त्यांना द्यायची, कोरडे नॅपकिन लपवून ठेवायचे, आणि काही सांडलं की "हंगामी आहे हो" म्हणून पाहुण्यांसमोर हसायचे. ताई कायमच्यांनाही सोडत नसे. त्यामुळे दोन्हीकडच्यांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं.

एक कायदा तेवढा सगळ्यांच्या वर होता, आणि तो बापाच्या वेळचा होता. बर्फाच्या आसपास काच फुटली तर ज्याच्या हातून फुटली त्याने जागच्या जागी, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं, "फुटलं!" आणि त्या टबात लाल सरबताची बाटली उपडी करायची. प्रत्येक टबाशेजारी अशी बाटली याच कामासाठी बांधून ठेवलेली असे. बर्फ लाल झाला की तो मेला, त्याला कुणी हात लावायचा नाही, टब बाहेर ओतायचा. कारण बर्फात पडलेली काच देवालाही दिसत नाही. बापाच्या काळात एका म्हाताऱ्या पाहुण्याने घोट घेतला होता आणि रुमाल तोंडाला लावला तो लाल झाला होता. तो रुमाल ताईने स्वतः पाहिला होता. म्हणून या एका कायद्यापुरतं तिचं वचन होतं, आणि ती ते दरवर्षी अंगणात उभं राहून सांगायची: जो ओरडेल त्याला मी काही बोलणार नाही, जो लपवेल त्याला उभा चिरीन.

आता भावजयीचं. भावजय वाईट होती असं म्हणणं सोपं आहे. तिला स्वच्छ हिशेबी म्हणावं. ऑफिसातून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याच्या कानाशी लागायचं, एवढंच तिचं काम. तिच्या भावाने माणसं पुरवायची कंपनी काढली होती. एकसारखे कपडे, छातीवर बिल्ले, ओठांवर हसू. फोन केला की माणसं हजर. ही करवत कशाला हवी मग? हंगामाच्या सुरुवातीलाच भावजय चहाचा कप घेऊन गोदामात आली, आणि भावजय गोदामात आली की समजायचं, पाऊल कुणाच्या तरी मानेवर पडणार आहे.

"वन्सं, तुम्ही थकलात आता," ती म्हणाली. "किती ओरडायचं माणसाने? घसा बसेल."

"माझ्या घशाची काळजी तुला कधीपासून?"

"आमच्या दादाची माणसं तयार असतात. तुम्ही गोदामाच्या किल्ल्या सांभाळा, आरामात बसा."

"आरामात बसायला तू आहेस की," ताई म्हणाली. "दोघी बसलो तर खुर्ची मोडेल."

भावजय हसली आणि चहा तसाच ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी भाऊ आला. बहिणीशी बोलताना त्याला नेहमी दुसरीकडे बघावं लागायचं. त्या दिवशी तो रचलेल्या ताटांकडे बघत होता. म्हणाला, ताई, या हंगामात एकजरी तक्रार आली ना, तर पुढच्या वर्षापासून हंगामी माणसं मेहुण्याकडे. मी काही करू शकणार नाही. जणू काही आजवर याने बरंच काही केलं होतं.

ताईला किल्ल्या नको होत्या. माणसं हवी होती. आता तिच्यासारख्या बाईला, जिला कुणाचं तोंड बघवत नाही, माणसं कशाला हवीत, हा प्रश्न कुणालाही पडेल. पण हाताखाली शंभर चुका करणारे लोक असले की तिला सकाळी उठावंसं वाटायचं. गोदामावरच्या खोलीत ती एकटी राहायची, आणि किल्ल्या काही चुका करत नाहीत. हंगामी गेले की आपण भावाच्या घरची आश्रित म्हातारी, एवढं तिला लख्ख दिसत होतं.

त्या हंगामात ती डोळ्यांत तेल घालून वावरली. आणि जसजशी तक्रार टळत गेली तसतशी जास्त चिडत गेली, कारण आता बिघडलं तर आजवरचं सगळं वाया. शेवटचं मोठं काम एका कंपनीचं दुपारचं जेवण होतं. गावोगावचे व्यापारी, त्यांच्या बायका, आणि मधल्या टेबलावर कंपनीचे मोठे साहेब. ऊन असं की हॉलची दारं उघडली तरी गरम आणि लावली तरी गरम. सूप कुणाला नको होतं, भात कुणाला नको होता, सगळ्यांना फक्त थंड सरबत हवं होतं. बर्फाचे तीन टब मांडले होते. बर्फाची दुसरी गाडी वाटेत बंद पडल्याचा फोन आला. आणि दारात भावजय, शेजारी तिचा भाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून, वरपक्षाकडून मुलगी बघायला आल्यासारखा हॉल बघत उभा. आयत्या बिळावर नागोबा, ताई मनात म्हणाली. मनात कसली, टकल्याला ऐकू गेलं.

तेवढ्यात मास्तरणीच्या ट्रेमधला कडेचा ग्लास कलला. कायमच्यांपैकी एकाने जाता जाता कोपर लावलं होतं, पण ते सिद्ध कोण करणार? ग्लास टबाच्या कडेवर आपटला आणि फुटला. मास्तरीण ही चाळिशीची, जाड चष्म्याची, सावकाश बोलणारी बाई होती. तिने ट्रे खाली ठेवला, हात वर केला, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात ओरडली, "फुटलं!" मग टबाला बांधलेली बाटली सोडवून टबात उपडी केली. पांढरा बर्फ बघता बघता लाल झाला. जसं शिकवलं होतं तसं, एक पाऊल इकडचं तिकडे नाही.

सगळा हॉल वळून बघू लागला. दारातल्या मेहुण्याने भुवया वर केल्या. भरलेला टब गेला, गाडी वाटेत बंद, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं ए भवाने!" ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आजच फोडायचा होता? आणि फोडलास तर फोडलास, वर दवंडी कसली पिटतेस? शाळेत पोरं हाकतेस का इथं? हातात जोर नाही आणि गळा बघा केवढा! चल, मोरीत हो. तुझं तोंड मला हॉलमध्ये दिसायला नको."

मास्तरणीने चष्मा नीट केला. "ताई, तुम्हीच सांगितलं होतं," ती एवढंच म्हणाली.

"मला शिकवतेस?"

मास्तरीण गेली. मोरी म्हणजे हॉलमागची भांडी घासायची खोली, खिडकी नसलेली, वाफेने भरलेली. तिथे शिक्षा म्हणूनच पाठवायचे. कायमचे वाढपी गालात हसले. हंगामी मात्र हसले नाहीत. त्यांनी फक्त बघितलं, आणि जो तो आपापल्या टेबलाकडे वळला. वचन मोडलं होतं, सगळ्यांदेखत मोडलं होतं, आणि मोडणारीला त्याचा पत्ताही नव्हता.

मग उरलेल्या दोन टबांवर झुंबड उडाली. बर्फ उचलायला चिमटे होते, पण चिमट्याने दोन-दोन खडे किती वेळ उचलत बसणार? आणि आणखी एक कायदा असा की ग्लास कधी बर्फात खुपसायचा नाही, कारण थंडीने काच तडकते. टेबलांवरून हाका येत होत्या, पाहुणे चमचे वाजवत होते.

थोड्या वेळाने ताईची नजर फिटरवर गेली. फिटर हा पन्नाशीचा, दोन लग्नाच्या मुलींचा बाप, हाताने पक्का माणूस. संपूर्ण हंगामात त्याच्या हातून काही पडलं नव्हतं, आणि म्हणूनच ती त्याला जास्त बोलायची. तो ट्रे डाव्या हाताने धरून चालला होता. उजव्या हाताच्या अंगठ्याला नॅपकिन गुंडाळला होता, आणि नॅपकिनवर रक्ताचा ठिपका वाढत होता.

तिने त्याला खांबाआड ओढलं. "अंगठ्याला काय झालं?"

"काही नाही ताई. पत्रा लागला."

"हॉलमध्ये पत्रा कुठे आहे?"

"तो... ढकलगाडीचा."

"तुला आज गाडी दिलीच नाही मी."

फिटरने नॅपकिन आवळला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. मोरीच्या दाराकडे बघितलं.

"ग्लास खुपसलास ना? कुठल्या टबात? फिटर, कुठल्या टबात?"

"ताई, पत्रा लागला," तो पुन्हा म्हणाला. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. याला आता चिरलं तरी हा बोलणार नाही, हे तिला कळलं. तो दोन्ही टबांवरून बर्फ नेत होता, हे तिने स्वतः पाहिलं होतं.

खरं सांगायचं तर ती घाबरली. तशी ती कुणाला घाबरणारी नव्हती, पण तेव्हा घाबरली. पत्रा लागला म्हणतोय ना, मग लागला असेल पत्रा. मान्य करायला काय जातं? काच असेलच असं कुठे आहे, असली तरी कुणाच्या ग्लासात जाईलच असं कुठे आहे, आणि गेली तरी ही काच कुणामुळे आली हे कोण विचारणार? जेवण अर्ध्यावर आलं होतं. आणखी थोडा वेळ, आणि हंगाम तिचा. दारातला मेहुणा घड्याळ बघत होता. भावजय साहेबांच्या बायकोशी गोड बोलत होती.

मग तिला त्या म्हाताऱ्या पाहुण्याचं तोंड दिसलं. तिने स्वतःलाच एक इरसाल शिवी दिली आणि टबाकडे गेली. एका बाटलीची गाठ दातांनी सोडली. पहिला टब लाल केला, दुसरा लाल केला. मग वळून हंगामींना म्हणाली, "टेबलांवर गेलेले सगळे ग्लास उचला. पाहुणा पीत असला तरी उचला. काय झालं विचारलं तर सांगा, सरबत उतरलंय."

"ताई, उतरलंय म्हणजे आपलीच अब्रू जाणार," टकल्या म्हणाला.

"मग काय काच म्हणून सांगतोस? पळापळ झाली तर कोण आवरणार, तुझा बाप?"

मधल्या टेबलाकडे ती स्वतः गेली. मोठ्या साहेबांनी ग्लास ओठांना लावलेलाच होता. तिने "माफ करा" म्हणत तो त्यांच्या हातातून काढून घेतला. काढून घेतला हे सौम्य झालं, हिसकावला. थोडं सरबत साहेबांच्या शर्टावर सांडलं. सगळं टेबल थिजलं. "सरबत उतरलंय साहेब," ती म्हणाली, आणि ग्लास घेऊन चालू लागली.

पुढे व्हायचं तेच झालं. साहेब जेवण सोडून उठले नाहीत, पण त्यांच्या माणसाने मालकाला गाठलं आणि जे काही ऐकवलं ते भावजयीने जवळ उभं राहून ऐकलं. नासकं सरबत पाजता? पाहुण्यांच्या हातातलं हिसकावता? पुन्हा या हॉलचं तोंड बघणार नाही आम्ही. मेहुण्याने एक शब्द काढला नाही. त्याला काढावाही लागला नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

पाहुणे गेल्यावर मागच्या अंगणात लाल बर्फ उन्हात वितळत होता. ताई उकिडवी बसून काठीने तो पसरत होती. शेवटी तिला ती काच सापडली. ग्लासाच्या काठाचा तुकडा, नखाएवढा, चंद्रकोरीसारखा वाकडा, आणि टोकाला सुईसारखा. तिने तो तळहातावर घेतला आणि भावापुढे धरला.

भावाने बघितलं. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ बघितलं. "बरोबर होतीस," तो म्हणाला. "पण हा तुकडा दाखवू कुणाला, ताई? साहेबांना? सांगू, सरबत चांगलं होतं हो, फक्त काच होती?"

तिने हात तसाच पुढे धरून ठेवला.

"पुढच्या वर्षी माणसं मेहुण्याकडची. मी शब्द दिलाय." मग जाता जाता म्हणाला, "किल्ल्या तुझ्याकडेच राहतील."

तो गेल्यावर फिटर आला. त्याने जाकीट काढून नीट घडी घातलेलं होतं. अंगठ्याला आता पट्टी होती. ताई उठली, आणि त्याच्या अंगावर धावूनच गेली.

"आता आलास? लाज नाही वाटली? एखाद्याच्या घशात गेली असती म्हणजे? एक शब्द! एक शब्द ओरडायला काय झालं होतं तुला?"

"ओरडणार होतो," फिटर म्हणाला. "तोंड उघडलं होतं मी. मग मास्तरीणबाई आठवल्या." तो तुकड्याकडे बघत होता. "तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर भवानी म्हणालात. मी बाप्या माणूस, घरी दोन मुली आहेत. मला तसं ऐकायचं नव्हतं." त्याने जाकीट तिच्या हातात दिलं. "चुकलं माझं. पण तुमचंही चुकलं."

आजवर कुणी तिला असं तोंडावर बोललं असतं तर त्याला फाटकाबाहेर जाईपर्यंत ऐकवलं असतं. तिने तोंड उघडलंही. पण वचन तिचं, कायदा बापाचा, आणि मोडणारीही तीच. भावजयीचा भाऊ नव्हे, कोपर मारणारा कायमचा नव्हे, फिटरसुद्धा नव्हे. काच बर्फात राहिली ती तिच्या जिभेमुळे. तिला ते स्वच्छ दिसलं. ती तशीच जाकीट हातात घेऊन मोरीकडे निघाली.

मोरीत मास्तरीण कोपरापर्यंत फेसात हात घालून ताटं घासत होती. चष्म्यावर वाफ धरली होती. दार वाजलं तरी तिने वर बघितलं नाही.

ताई दारात उभी राहिली. माफी मागायची कशी असते हे तिला ठाऊक नव्हतं; कधी गरजच पडली नव्हती. शेवटी खेकसली, "तू ओरडलीस ते बरोबर होतं."

"ते मला माहीत आहे," मास्तरीण म्हणाली आणि पुढचं ताट घेतलं.

"म्हणजे मी तेच सांगायला आले."

"कशाला? मला मघाशीही माहीत होतं." तिने ताट विसळलं, उलटं ठेवलं. "बोललात तेव्हा सगळा हॉल ऐकत होता. आता इथे मोरीत कोण ऐकतंय? ही ताटं?"

ताईने हातातलं जाकीट दाराशी टाकलं. मग तिने पुढे होऊन मास्तरणीचं ओलं मनगट धरलं आणि "चल" म्हणाली. मास्तरीण "अहो, अहो" म्हणेपर्यंत तिने तिला ओढत हॉलमध्ये आणलंही. हॉलमध्ये टेबलं मिटायचं काम चाललं होतं. हंगामी होते, कायमचे होते, भाऊ होता, भावजय होती, आणि मेहुणा खुर्च्यांची मोडतोड तपासत फिरत होता. फेसाचे थेंब फरशीवर पडत होते.

"ऐका रे सगळे!" ताई ओरडली. आवाज तोच, करवतीचाच. "हातातलं ठेवा खाली. ठेव म्हटलं ना टकल्या! ही बाई सांगितलं तसं वागली. ही बरोबर होती आणि मी चुकले. हिला बोलले म्हणून तो फिटर गप्प बसला, आणि तो गप्प बसला म्हणून पाहुण्यांपुढे काच गेली. ती चूक माझी. कळलं का? कायमच्यांनो, तुम्हालाही सांगतेय, दात काय काढता?"

 ‘नको बाई’च्या हातात अर्धवट घडी घातलेला टेबलक्लॉथ तसाच राहिला. भावजयीने पदराने तोंड झाकलं. आत हसत होती की काय ते कळलं नाही.

ताईला धाप लागली होती. तिने मास्तरणीकडे बघितलं. काहीतरी ऐकायची वाट बघत होती ती, मग ते काहीही असो.

"झालं?" मास्तरणीने विचारलं.

"झालं."

"मग हात सोडा माझा. दुखतोय."

ताईने खाली बघितलं. तिने अजून मनगट धरलेलं होतं, असं की तिची स्वतःची बोटं पांढरी पडली होती. तिने हात सोडला. मास्तरीण मनगट चोळत चोळत, उरलेली ताटं घासायला मोरीत परत गेली.